शिरपूरच्या आबांचं सुतक

रविवारी दुपारी घरी व्हिडिओ कॉल करायचा, असा माझा नेम होता. संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी मी फोन लावला, तर पडद्यावर दोन तुळतुळीत डोकी दिसली. एक नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि एक दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं. दोघं ओट्यावर शेजारी शेजारी बसले होते. ऊन सरळ डोक्यांवर पडत होतं. मला आधी हसूच आलं.

"हसू नको वं," नाना म्हणाले. "शिरपूरना आबा गया."

"कोण आबा?"

"अवं, मना आजाना चुलतभाऊ व्हता ना, त्याना नातू. शिरपूरले ऱ्हाये. मनाथून थोरला. म्हनीसन डोकं करनं पडनं."

आमच्याकडे भाऊबंदकीत कुणी थोरलं माणूस गेलं की त्याच्याहून धाकटे पुरुष दहाव्याला केस देतात. त्याला 'डोकं करणं' म्हणतात. आपल्याहून लहान कुणी गेलं तर करायचं नसतं. म्हणून 'मनाथून थोरला' हे सांगणं आवश्यक होतं, आणि ते नानांनी न विचारता सांगितलं. मी आबांना कधी पाहिलं नव्हतं. पण नानांनी नातं सांगितलं म्हणजे ते तसंच असणार, याबद्दल आमच्या घरातच काय, पंचक्रोशीत कुणाला शंका येत नसे.

मी विचारलं, "मीबी सुतक पाळू का?" आमच्याकडे सुतक तेराव्यापर्यंत धरतात, आणि माझं लग्न झालेलं नाही, तेव्हा ते मलाही लागू होतं.

मागून माय म्हणाली, "तू दूर शे. तुले काय पाळनं शे?"

"पाळू दे," नाना म्हणाले. "देवले दिवा लावू नको. गोड खाऊ नको."

मी पाळलं. मी फारशी धार्मिक नाही. पण त्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीच्या बाळाचं बारसं होतं. तिथे मी पेढ्याला हात लावला नाही आणि पाळण्यालाही शिवले नाही. सुतक आहे म्हणून सांगितलं. कोण गेलं, असं तिच्या सासूनं विचारल्यावर मी नानांनी सांगितलेलं नातं जसंच्या तसं सांगितलं. एवढं लांबचं नातं एका दमात सांगता येतं याचा मला थोडा अभिमानही वाटला.

नानांचं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर उभं होतं. शेती होती, कापूस होता, मिरची होती, पण लोक त्यांना ओळखत ते वेगळ्या कारणासाठी. कोण कुणाचा, कुणाचं आजोळ कुठलं, कुठल्या घरची मुलगी कुठे दिली, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. लिहिलेलं काही नव्हतं. सोयरीक जुळवायची असली की साक्रीपासून चोपड्यापर्यंतची माणसं त्यांच्याकडे येत. मिरचीच्या हंगामात ते दोंडाईच्याच्या मार्केटमध्ये जात, तिथे बाकावर शेजारी कुणी अनोळखी माणूस बसला की यांचं सुरू होई. गाव कोनतं भाऊ? कोनाघरना? मामा कोन तुम्हना? चहा येईपर्यंत त्या माणसाची चुलत मावशी आमच्या गावात दिलेली निघायची. तो उठायचा तेव्हा पाहुणा झालेला असायचा.

लहानपणी मला याची लाज वाटायची. एसटीत, दवाखान्यात, परीक्षेच्या केंद्राबाहेर, कुठेही ते विचारत सुटायचे. मी पुस्तकात तोंड घालून बसायची. "ही कोन, तुम्हनी पोर का? बोलस नही का?" असं समोरचा विचारायचा आणि नाना म्हणायचे, "ती वाचस. तिना वाटानं मी बोली घेस." तिच्या वाट्याचं मी बोलून घेतो. पुढे मला कळलं की मी शिकत गेले, घरापासून लांब राहिले, ती याच माणसाच्या जोरावर. ते विचारायचे तसंच मी विचारते, फक्त माझं विचारणं उंदरांना असतं.

मी दक्षिणेतल्या एका शहरात संशोधन करते. पीएच.डी. झाल्यावरचं काम. कर्करोगावर डोक्याला किरणं द्यावी लागतात, तेव्हा गाठीबरोबर चांगल्या मेंदूलाही इजा होते. ती इजा लगेच दिसत नाही. माणूस बरा होऊन घरी जातो आणि मग काही महिन्यांनी हळूहळू त्याचं काहीतरी कमी होत जातं. ते काय कमी होतं, का होतं, आणि थांबवता येतं का, हे आम्ही उंदरांवर पाहतो. एक साधी चाचणी आहे. उंदराला दोन वस्तूंशी ओळख करून द्यायची. मग त्यातली एक काढून तिथे नवी ठेवायची. चांगला उंदीर नव्या वस्तूपाशी जाऊन थांबतो, हुंगतो, तिच्याभोवती फिरतो. किरणं दिलेला उंदीर दोन्हींना सारखंच मानतो. नव्यापाशी थांबत नाही.

आबांच्या सुतकाच्या आदल्या दिवाळीत जेवताना नानांनी मला कामाबद्दल विचारलं आणि मी हे सांगितलं. त्यांनी भाकरीचा घास हातात तसाच धरून ठेवला.

"म्हनजे पाव्हना उना तरी तो गाव ईचारस नही."

"तसंच समजा."

"त्याले दिसस तं सम्दं?"

"दिसतं. वासही येतो. चालतो, खातो. फक्त नव्याकडे जात नाही."

"मंग तो जगस कसाले?"

दादा हसला. माय म्हणाली, "जेवाना टाइमले उंदीर उंदीर नका करा रे भो. उद्या फराय करनं शे माले." नाना मात्र हसले नाहीत. फराळाचं होईपर्यंत दोन दिवस ते मला मधूनमधून प्रश्न विचारत राहिले. माणसालाही असंच होतं का? सगळ्यांना होतं का? किती दिवसांनी कळतं? ज्याला होतं त्याला स्वतःला कळतं का? मी खुशीत उत्तरं दिली. माझं काम इतक्या बारकाईनं मला दुसऱ्या कुणी कधी विचारलं नव्हतं. प्रबंधाच्या परीक्षकांनीही नाही.

त्या दिवाळीत ते खोकत होते. कापसाच्या धुळीनं होतं असं म्हणाले.

आबांच्या सुतकानंतर रविवारच्या फोनवर नाना कमी दिसू लागले. झोपलेत, मळ्यात गेलेत, नशिराबादला मावशीकडे गेलेत. मावशीच्या घराचं काम निघालंय, तिला मदत हवी होती. मी विचारलं, नाना बांधकामावर काय मदत करणार? तर दादा म्हणाला, "त्यांना करमतं तिथे." दादा माझ्याशी एरवी अहिराणीत बोलतो. अवघड विषय निघाला की शाळेतली मराठी बोलतो. हे मला माहीत होतं. लक्षात मात्र आलं नाही. माझ्या कामाचेही ते दिवस असे होते की सोडून येता येत नव्हतं. किरणं दिल्यावर ठरलेल्या वेळी उंदीर तपासावेच लागतात. मायही म्हणायची, कशाला येतेस, आखाजीला ये.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात त्या सणाला लेकी माहेरी येतात. गावात झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, खापरावरचे मांडे होतात. मी आले. दोंडाईच्याच्या स्टेशनवर दादा घ्यायला आला होता. नाना आले नाहीत हे पहिल्यांदाच घडत होतं. एरवी गाडी येईपर्यंत त्यांनी फलाटावरच्या निम्म्या माणसांशी सोयरीक काढलेली असे आणि मी उतरले की मला त्या सगळ्यांना नमस्कार करावा लागे.

"बरं नाही का त्यांना?"

"बरे आहेत. ऊन आहे म्हणून नाही आले." शाळेतली मराठी.

नाना ओट्यावर बसले होते. डोक्यावर टोपी होती. मला पाहून हसले. "उनी का?" म्हणाले, आलीस का?

मी वाट पाहिली. गाडीत गर्दी होती का, शेजारी कोण बसलं होतं, कोणत्या गावचं होतं, हे आता सुरू होईल असं मला वाटत होतं. काहीच सुरू झालं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर माया होती, ती कुठे गेली नव्हती. पण पुढचा शब्द आला नाही. मायनं लगबगीनं पाणी आणलं आणि गाडीला किती गर्दी होती हे तीच विचारू लागली. माझ्या मायनं असले प्रश्न आयुष्यात कधी विचारले नव्हते. तिला त्याची गरजच पडली नव्हती.

संध्याकाळी हातपाय धुताना नानांनी टोपी काढली. दादा तिथेच नळाशी उभा होता, बादली भरत. दादाचे केस भरपूर वाढले होते, भांग पाडण्याइतके. नानांच्या डोक्यावर मात्र कुठे कुठे पिसासारखी लव होती, बाकी कातडी उघडी होती. कानांच्या वर कातडीचा रंग काळपट झाला होता, आणि तो रंग कपाळावर एका सरळ रेषेत संपत होता.

दोघांनी एकाच दिवशी डोकं केलं होतं.

ती रेष मी दर आठवड्याला पाहते. आमचे उंदीर काळे असतात. किरणं जिथे पडतात तिथले केस जातात, आणि नंतर येतात ते पांढरे येतात, मध्ये कापल्यासारखी हद्द असते. माझ्या हातात टॉवेल होता. मी तो नानांना दिला. त्यांनी तोंड पुसलं आणि ओट्यावर जाऊन बसले. मी त्यांच्याशेजारी बसले. माय चुलीपाशी मांडे करत होती. दार उघडं होतं, तिला सगळं ऐकू येत होतं.

"नाना, शिरपूरना आबा कव्हय गयात?" मी विचारलं.

त्यांनी थोडा वेळ घेतला. आता ते कशालाही थोडा वेळ घेत.

"शिरपूरना आबा? त्या तं दुस्कायमा गयात. तू जन्मनी बी नव्हती."

दुष्काळात गेले, हे अगदी शांतपणे सांगितलं. लपवलेलं उघड झालं असं काही त्यांच्या आवाजात नव्हतं. विचारलं म्हणून उत्तर दिलं, आणि खरं दिलं. मग आबांची बायको कोणत्या गावची, त्यांची मुलगी कुठे दिली, तेही मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. सगळं बिनचूक होतं. त्यांच्या आठवणीला धक्का लागला नव्हता. लोकांना वाटतं असा माणूस विसरतो, ओळखत नाही. नाना सगळ्यांना ओळखत होते. त्यांचं विचारणं गेलं होतं. खोटं रचायलाही जे काही आतून उठावं लागतं, ते गेलं होतं.

चुलीपाशी मायचा हात थांबला. मग पुन्हा पीठ थापटल्याचा आवाज येऊ लागला.

मी दादाला मागच्या वाड्यात, म्हशीच्या गोठ्याकडे गाठलं. त्यानं काही लपवलं नाही. फुप्फुसात गाठ होती, तिथून डोक्यात गेली होती. फुप्फुसासाठी गोळ्या चालू होत्या. डोक्याला किरणं जळगावला दिली. मावशीचं बांधकाम वगैरे काही नव्हतं. नशिराबादला राहून रोज रिक्षानं जळगावला जात होते. केस पुंजक्यांनी गळायला लागले तेव्हा नानांचं डोकं केलं, आणि मला खरं वाटावं म्हणून दादानंही केलं.

"पूर्ण डोक्याला दिली?"

"हो."

"गाठी किती होत्या?"

त्यानं सांगितलं. मोजक्या होत्या. लहान होत्या.

"मला का नाही सांगितलं?"

"तू नको म्हणाली असतीस."

"मी नको म्हटलं नसतं. वेगळं करा म्हटलं असतं." माझा आवाज चढला नाही, मला तो चढवता येत नाही. "एवढ्याशा गाठींना नेमक्या तेवढ्याच जागी किरणं देतात, दादा. मोठ्या शहरात देतात. ते नसतं जमलं तर मेंदूचा एक भाग वाचवून देतात. सोबत एक गोळी देतात. मी हेच करते. सकाळी उठून मी दुसरं काही करत नाही."

"तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं," तो म्हैस बघत म्हणाला. "घरात कुणी मेडिकलचं आहे का म्हणून."

"मग?"

"नाही म्हटलं."

पुढच्या तपासणीला मी आणि दादा नानांना घेऊन जळगावला गेलो. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, बोलायला चांगले होते. त्यांच्या खोलीतल्या पंख्याखालून पार बाहेरपर्यंत रांग होती. मी काय करते हे सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही यावरच काम करता? मला सांगितलं, घरात सगळे शेतकरी आहेत."

दादा वर पंख्याकडे बघू लागला. डॉक्टर त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. नंतर ते माझ्याशी आमच्या धंद्याच्या भाषेत बोलू लागले, आणि नाना आमच्या दोघांच्या मध्ये बसून होते. "आपण आधी बोललो असतो तर," असं म्हणून ते थांबले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला ते सभ्यपणाचं वाटलं.

मी रजा घेतली आणि घरी राहिले. जे गेलं ते परत येणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी राहिले. नानांना चालता येत होतं, हळू आणि पाय घासत. बसवलं तिथे बसत. जेवायला वाढलं की जेवत. चित्र काढून ठेवावं तसे ओट्यावर दिसत. गावात काही लोक म्हणू लागले की नानांना गर्व झाला. काही म्हणाले, आळशी झाले. साक्रीकडून एक गृहस्थ मुलीसाठी स्थळाची चौकशी करायला आले होते. त्यांनी मुलाच्या घराण्याबद्दल विचारलं. नानांनी सगळं सांगितलं, मामाकडचं, बापाच्या आजोळचं, कुठे काय खोट आहे तेही. पण तुमची मुलगी काय शिकली, किती भावंडं, शेती किती, असं काही त्यांनी उलट विचारलं नाही. त्या गृहस्थांनी वाट पाहिली. चहा संपवला. बाहेर निघताना मला हळूच म्हणाले, "नानाले मना राग उना का? काही चुकनं का मनं?"

मी म्हटलं, त्यांची तब्येत बरी नाही. त्यांना ते पटलं नाही. तब्येत बरी नसलेला माणूस एवढं सगळं आठवून सांगेल कसा? ते नाराज होऊनच गेले.

दादावर माझा राग होता आणि तो मी सोडला नाही. तो शेतातून आला की मी आत जायची. ताट वाढायची, पण बोलत नसे. मला वाटायचं, यानं नानांना पढवलं. आजाचा चुलतभाऊ, त्याचा नातू, माझ्याहून थोरला, हे सगळं त्यानं नानांच्या तोंडी घातलं. ज्या माणसानं आयुष्यात एक नातं चुकीचं सांगितलं नाही, त्याच्याकडून यानं माझ्याशी खोटं नातं बोलवून घेतलं. त्याबद्दल मी त्याला मनातल्या मनात रोज शिक्षा करत होते. तो एकदा म्हणाला, "मारून घे मला चप्पल, पण बोल." मी भाजी निवडत राहिले.

पोळ्याच्या आधी नाना गेले. सकाळी गेले, चहा घेऊन झाल्यावर. दहाव्याला दादानं नदीवर पुन्हा डोकं केलं. या वेळी भाऊबंदकीतली बाकी माणसंही होती. परत आला तेव्हा गल्लीतल्या एका म्हातारीनं त्याला म्हटलं, "वरीसमा दोनदा डोकं करं रे भो तूनी." त्यानं मान खाली घातली. मी दारात होते. मला त्याची दया आली नाही.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर दुपारी माय आणि मी भांडी लावत होतो. ती म्हणाली, "तुना दादाले आते बोल. त्यानी काही ठरायेल नव्हतं."

"मग कुणी?"

"त्यासनीच." माय नानांना कधी नावानं बोलली नाही, 'त्या', 'त्यासना' असंच.

मी भांडं खाली ठेवलं. मायनं सगळं सांगितलं. जळगावला आजार कळला त्याच दिवशी नानांनी दोघांना बसवून सांगितलं होतं की धाकटीला कळता कामा नये. शिरपूरच्या आबांचं त्यांनीच काढलं. गेलेला माणूस थोरला पाहिजे, म्हणजे डोकं करता येईल. तो लांबचा पाहिजे, म्हणजे ही कुणाला फोन करणार नाही. आणि त्याच्या घरचं आता शिरपूरला कुणी उरलेलं नको. असा माणूस त्यांनी आठवून आठवून शोधला. दवाखान्यात घरात मेडिकलचं कुणी नाही असं सांगायलाही त्यांनीच लावलं होतं. दादा एकदा म्हणाला होता, नाना, तिला एकदा विचारू या, ती हेच शिकली आहे. तेव्हा ते चिडले होते.

"काय म्हणाले?"

माय भांड्यांकडे बघत म्हणाली, "म्हनेत, ती मनाकडे बाप म्हनीसन दखाव नही, उंदीर म्हनीसन दखी."

ती माझ्याकडे बाप म्हणून बघणार नाही, उंदीर म्हणून बघेल.

मी खाली ठेवलेलं भांडं उचलून पुन्हा लावायला घेतलं. माय घाबरली असावी, कारण ती लगेच म्हणाली, "तुनावर जीव व्हता वं त्यासना. म्हनीसन." म्हणून. जीव होता म्हणून.

ते मी अनेकदा मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. दिवाळीत त्यांनी मला एवढं विचारलं, बारकाईनं, दोन दिवस. तेव्हा आजार कळलेला नव्हता, हे मायनं शपथ घेऊन सांगितलं. मला ते खरं मानावं लागतं. म्हणजे त्यांनी निव्वळ कौतुकानं विचारलं, आणि नंतर ती माझीच उत्तरं माझ्याविरुद्ध वापरली. काय जाणार आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे मोजणारं माणूस घरात एकच आहे, हेही ठाऊक होतं. त्यांना जाणाऱ्या गोष्टीची भीती नव्हती असं नाही, पण त्याहून जास्त माझ्या डोळ्यांची होती.

कधी मला वाटतं, समजू शकते. बहुतेक वेळा वाटत नाही. त्यांनी ज्याची भीती धरली ते टाळण्यासाठी जे केलं, त्यामुळेच ते झालं. मी आखाजीला आले आणि त्यांच्या कपाळावरची रेष पाहिली, ती आधी उंदराच्या ओळखीनंच पाहिली. मला आधी सांगितलं असतं तर मी ती रेष पडूच दिली नसती. निदान प्रयत्न केला असता. काही महिने त्यांच्याशी बोलून घेतलं असतं, त्यांचे प्रश्न चालू होते तोवर. ते सगळं त्यांनी माझ्यापासून काढून घेतलं, आणि त्यासाठी भाऊबंदकीतला एक मेलेला माणूस उकरून पुन्हा मारला, त्याचं सुतक मला पाळायला लावलं. जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाला ते विचारत. मी त्यांच्याकडे कशी बघेन, हे मला विचारता आलं असतं. मी चुकीचं उत्तर दिलं असतं, तरी ते माझं उत्तर असतं.

दादाशी मी आता बोलते. त्याची माफी मागितली नाही. त्यानं ओझं वाहिलं हे खरं, पण दवाखान्यात 'नाही' म्हणणारं तोंड त्याचं होतं. कामावर परत गेले. आमच्या प्रमुखांनी विषय बदलून देऊ का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. विषय बदलून मी कुठे जाणार? उंदीर काळे असतात, त्यांच्या डोक्यावर पांढरं उगवतं, मी बघते.

घरून मात्र आता मला सगळं कळवतात. मायचा दात दुखतो, म्हैस लंगडते, दादाच्या मुलीला ताप आला. सांगायचं राहू नये म्हणून दिवसातून दोन दोन फोन. मी ऐकते आणि विश्वास ठेवत नाही. ताप म्हटलं की मुलीला पडद्यासमोर आणायला लावते. दात म्हटलं की तोंड उघडायला लावते. माय आधी हसायची, आता निमूटपणे आ करते.

परवा दुपारी मायचा फोन आला. खालच्या गल्लीतले काका गेले म्हणाली. नानांचे सख्खे चुलतभाऊ. सकाळी छातीत दुखलं, धुळ्याला नेईपर्यंत गेले. सुतक आहे, दिवा लावू नको.

कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"खरंच गया वं माय," ती म्हणाली. तिचा आवाज रडका होता. "आते तरी भरोसा ठेव."

मी म्हटलं, ठेवते, आणि फोन ठेवला. मग आमच्या गावातल्या एका शाळासोबत्याला लावला. त्याचं एसटी स्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे. त्यानं उचलला तेव्हा मागे बऱ्याच माणसांचा आवाज येत होता. मी काकांचं विचारलं. तो म्हणाला, हो, खरंय, मी इथंच आहे ना, स्मशानात, आत्ताच आणलं.

मी त्याला म्हटलं, जरा व्हिडिओ चालू कर आणि कॅमेरा तिकडे फिरव.